‘फॅशिया चिकटलाय’ म्हणजे नेमकं काय? विड्या वळणाऱ्या आईची कंबर आणि टाच

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीतली ५२ वर्षांची आई, २५ वर्षं विड्या वळते. चार महिने कंबर धरली आहे, आणि सकाळी उठल्यावर पहिली दहा-बारा पावलं टाच टेकवत नाही. एक्स-रेत कमरेला ‘वयाप्रमाणे झीज’ आणि टाचेला ‘हाड वाढलंय’ असं आलं. मग एका ठिकाणी सांगितलं की हाडाचं काही नाही, फॅशिया (स्नायूंवरचा चिवट पापुद्रा) चिकटलाय, तो १५ वेळा येऊन हातानं सोडवून घ्यावा लागेल, आणि घरी वापरायला एक रोलर (अंगाखाली फिरवायचा दंडगोल) घ्या. मुलगा विचारतो: हे खरं आहे का, आणि घरी काय करता येईल?

आधी सरळ उत्तर. फॅशिया दुखू शकतो, हे खरं. तो जाड आणि ताठर होतो, त्याचे थर एकमेकांवरून कमी सरकतात, हेही मोजून झालेलं आहे. पण तो हातानं ‘सोडवला’ जातो, याला आधार नाही. तो बदलतो भारानं आणि हालचालीनं, आणि त्याला महिने लागतात. त्यामुळे १५ फेऱ्यांचे बरेचसे पैसे वाचतील, पण आईची रोजची २० मिनिटं किमान १२ आठवडे लागतील.

त्याआधी काही गोष्टी तपासा, कारण फॅशियाच्या नावाखाली दुसरंच काही राहून जाऊ नये. संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन उतरलंय का, कूस बदलली तरी रात्रीचं दुखणं थांबत नाही असं आहे का? आपल्याकडे मणक्याचा क्षय असाच गुपचूप वाढतो. पाऊल ओढलं जातंय का, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरता आहे का, लघवी-संडासवरचा ताबा सैल झालाय का? ही बधिरता किंवा ताबा सैल होणं, यातलं एकही असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात. पाळी गेल्यानंतर नुसत्या घसरण्यानं किंवा घागर उचलताना कंबरेत कळ आली असेल तर मणका दबल्याची शक्यता असते. तेव्हा दाबून-रगडून घेणं धोक्याचं. आणि साखर तपासा, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची सरासरी दोन्ही. वाढलेली साखर कोलेजनच्या (फॅशिया ज्या प्रथिनाचा बनतो त्याच्या) धाग्यांना एकमेकांत जखडून टाकते, त्यामुळे मधुमेह्यांत खांदा आखडणं जास्त दिसतं आणि तळव्याचा पट्टा, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणारा फॅशिया, तोही जाड होतो. साखर तशीच ठेवून व्यायाम केले तर बरीच मेहनत वाया जाते.

आता फॅशिया म्हणजे काय. मटण साफ करताना मांडीच्या तुकड्यावर पांढुरका, चिवट पापुद्रा असतो तो पाहिला असेल. सुरीचं टोक खाली घालून ओढला की काही ठिकाणी सरसर निघतो. तिथं खाली ओलसर, जाळीदार, सैल थर असतो. दुसरीकडे तोच पापुद्रा सुटत नाही, मांसाचे धागेच सोबत घेऊन येतो. दोन्ही निरोगी आहेत. जिथं स्नायूला सरकायचं आहे तिथं तो सैल, जिथं स्नायूला पापुद्र्यातून ओढ लावायची आहे तिथं तो घट्ट जोडलेला. म्हणून ‘चिकटलाय’ हे ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच, की तिथं तो मुळातच जोडलेला असतो का.

कंबरेत हा पापुद्रा सगळ्यात दणकट असतो. पाठीच्या खालच्या भागात पतंगाच्या आकाराचा जाड पट्टा, वर पाठीच्या रुंद स्नायूंना, खाली कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूला, आतून पोटाच्या सगळ्यात खोल स्नायूला जोडलेला. डावा हात पुढं करून सुपातली तंबाखू घेताना उजवा कुल्लाही थोडा ताणला जातो, तो या पट्ट्यातूनच. त्याच्या थरांमध्ये हायालुरोनान नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो, भेंडीच्या चिकासारखा. इटलीत पादुआ इथल्या कार्ला स्टेक्को यांच्या गटानं २०१८ साली तो बनवणाऱ्या खास पेशी फॅशियात दाखवल्या. हालचाल थांबली की हा पदार्थ घट्ट होतो, ऊब आणि हालचाल मिळाली की पातळ, असं त्यांचं म्हणणं. सकाळचा ताठरपणा चार पावलांत का सुटतो हे त्यातून छान कळतं. मात्र माणसाच्या रोजच्या दुखण्याशी हा पदार्थ थेट जोडून दाखवणारा पुरावा अजून विरळ आहे, एवढं ध्यानात ठेवा.

फॅशियावर पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद २००७ साली बोस्टनला झाली. त्याआधी शवविच्छेदनात हा पापुद्रा कापून बाजूला टाकायचा भाग होता. त्यानंतरचं काम तुमच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे.

अमेरिकेत हेलेन लँजव्हिन यांच्या गटानं २०११ साली १२१ जणांच्या कंबरेची सोनोग्राफी केली. त्यातल्या ७१ जणांना वर्षाहून जुनी कंबरदुखी होती. माणूस पालथा झोपवून, मोटारीनं हलणाऱ्या टेबलानं कंबर हळूहळू वाकवायची आणि पापुद्र्याचे थर एकमेकांवरून किती सरकतात ते पडद्यावर मोजायचं. न दुखणाऱ्यांत ही सरक सरासरी ७०.२ टक्के, दुखणाऱ्यांत ५६.४ टक्के. म्हणजे साधारण एक पंचमांश कमी. त्याच गटाला २००९ साली दुखणाऱ्यांतला हा थर सुमारे २५ टक्के जाड आढळला होता. पण इथंच थांबून वाचायला हवं. थर कमी सरकतो म्हणून दुखतं, की दुखतं म्हणून माणूस जपून हलतो आणि मग थर कमी सरकतो, हे एकदाच घेतलेल्या मोजमापातून कळत नाही. पुढे २०१६ साली त्यांनी डुकरांवर प्रयोग केला. काहींच्या कंबरेच्या फॅशियाला इजा केली, काहींची चाल पायाला बांधून अडवली, काहींना दोन्ही. सरक सगळ्यात कमी झाली ती इजा आणि अडवलेली हालचाल एकत्र आल्यावर. ‘कंबर दुखते, मग झोपूनच राहा’ हा सल्ला का टाळायचा, ते यातून कळतं.

जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०११ साली या पट्ट्यात वेदना वाहून नेणारी मज्जातंतूंची टोकं दाखवली, उंदरातही आणि माणसातही. २०१४ साली तिथंच १२ निरोगी माणसांना सोनोग्राफीत बघून तीव्र मिठाच्या पाण्याची सुई दिली: एकदा कातडीखाली, एकदा स्नायूत, एकदा फॅशियात. फॅशियातली कळ सगळ्यात जास्त, सगळ्यात लांबलेली आणि सगळ्यात पसरलेली होती, आणि लोकांनी तिला जळजळ, ठणका, टोचणी अशी नावं दिली. ही गोष्ट व्यवहारात फार उपयोगाची आहे. आई ‘कंबरेत भगभगतंय’ म्हणाली की घरचे लगेच ‘नस दबली’ म्हणतात आणि एमआरआयच्या रांगेत उभे राहतात. भगभग फॅशियातूनही येते. नस खरोखर दबली असेल तर कळ बहुधा गुडघ्याच्या खाली उतरते, खोकताना-शिंकताना पायात चमक जाते, अंगठा वर उचलायची ताकद कमी होते किंवा पायाचा ठरावीक भाग बधिर होतो. दवाखान्यात कन्नडमधून ‘सोंट नोवू’ सांगा किंवा मराठीतून ‘कंबर धरली’, पण कुठं, कसं, कधी आणि कशानं कमी होतं, हे चार शब्द आईनं तिच्या भाषेत सांगावेत आणि सोबतच्यानं तेच्या तेच पुढं सांगावेत. भगभगीचं भाषांतर करताना ‘नस’ झालं, की उपचाराची दिशाच बदलते.

आता ‘सोडवण्या’कडे. २००८ साली चौधरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत गणिती प्रतिमान करून विचारलं की हातानं दाबून फॅशियाचा आकार किती बदलेल. मांडीचा बाहेरचा पट्टा एक टक्का दाबायला आणि एक टक्का सरकवायला अनुक्रमे सुमारे ९२५ आणि ४६० किलो भार लागेल; तळव्याच्या पट्ट्याला सुमारे ८५२ आणि ४२४ किलो. म्हणजे चार ते नऊ क्विंटलांचा हा भार. तो कोणाच्या अंगठ्यात नाही, कोपरात नाही, रोलरवर झोपलेल्या माणसाच्या वजनातही नाही.

मग हात लावल्यावर बरं का वाटतं? कारण फॅशियात आणि कातडीत दाब-ताण ओळखणारे तंतू भरपूर आहेत. सावकाश, उबदार दाबानं मज्जासंस्था सुरक्षिततेचा निरोप घेते, स्नायूंचा ताठा उतरवते, दुखण्याचा उंबरठा वर जातो. हा फायदा खरा आहे, आणि तो हलका लेखायचं कारण नाही. केरळातल्या अजिमशा यांनी सहकाऱ्यांसह २०१५ साली मायोफॅशियल रिलीजच्या (फॅशिया हातानं ‘सोडवण्याच्या’ उपचाराच्या) १९ चाचण्या एकत्र तपासल्या. फायदा दाखवणाऱ्या चाचण्या होत्या, पण दर्जा आणि निकाल दोन्ही संमिश्र होते. माझं मत असं: हातांच्या उपचारानं व्यायाम सुरू करण्याइतकी मोकळीक मिळत असेल तर दोन-तीन वेळा जरूर घ्या. तीन भेटींत काहीच फरक नसेल तर पुढच्या बारा भेटींत तो येईल असं धरून चालू नका. आणि व्यायाम न शिकवता नुसतं रगडत असतील, तर जागा बदला. रगडून अंगावर काळे-निळे वळ उठणं हे ‘गाठी फुटल्या’चं लक्षण नाही. केशवाहिन्या फुटल्या, एवढाच त्याचा अर्थ.

रोलरचंही तसंच. त्यानं हालचालीची मोकळीक वाढते, पण साधारण १० ते २० मिनिटं टिकते. म्हणून रोलर फिरवून झोपून जाण्यात अर्थ नाही. फिरवायचा तो व्यायामाच्या लगेच आधी. विकत घ्यायचीही गरज नाही. जुना टेनिस बॉल मोज्यात घाला, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरा, आणि मणक्याच्या दोन बाजूंच्या मांसल भागावर एका जागी ६० ते ९० सेकंद हलकं फिरवा. मणक्याच्या हाडावर नाही, बरगडीखाली मूत्रपिंडाच्या जागेवर नाही. दाबताना श्वास अडकला तर दाब जास्त झाला असं समजा.

आपल्या भागात उसण भरली की पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाकडून पाठीवर पाय लावून घेतात. अचानक भरलेली उसण बहुधा चार दिवसांत ते दोन आठवड्यांत आपोआप उतरते, म्हणून श्रेय ज्याचा पाय शेवटी लागला त्याला मिळतं. नुसता पाय टेकवला तर बिघडत नाही. पण पालथं झोपवून पाठीवर उभं राहणं, तेही पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या, अजिबात नको. ठिसूळ मणका तेवढ्यानं दबू शकतो. डाग देणं तर नकोच.

विड्या वळण्याची बैठक हा तुमच्या आईच्या दुखण्याचा गाभा आहे, म्हणून इथं जरा थांबतो. मांडी घालून किंवा एक पाय लांब करून बसायचं, सूप मांडीवर, मान खाली, खांदे पुढं, कंबर गोल. या स्थितीत पाठीचे स्नायू जवळजवळ सुट्टी घेतात आणि सगळा भार कंबरेच्या पट्ट्यावर आणि मणक्यामागच्या बंधांवर लटकतो. ताणलेला धागा जसा हळूहळू लांबतो तसे हे पट्टे लांबतात. २० मिनिटं पूर्ण वाकून बसल्यावर निम्मा ताठा दोन मिनिटांत परत येतो, पण अर्धा तास उलटला तरी कंबर पूर्ण मूळपदावर येत नाही, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. त्यामुळे खरी चूक उठल्यावर होते: तीन तास वाकून बसलेली बाई उठते आणि लगेच पाण्याची घागर कमरेवर घेते. वखारीत तंबाखू निवडून उठताक्षणी बोद (तंबाखूनं भरलेली मोठी पोती) हलवणाऱ्यांचंही असंच होतं. उठल्यावर आधी दोन-तीन मिनिटं चालायचं, कंबरेवर हात ठेवून पाच वेळा सावकाश मागं झुकायचं, आणि मगच वजन उचलायचं.

बैठक बदलायला खर्च नाही. वाकळ घडी करून कुल्ल्यांखाली १० ते १५ सेंटिमीटर उंची करा, म्हणजे कुल्ले गुडघ्यांपेक्षा वर येतात आणि कंबरेचा गोलवा कमी होतो. वाकळ फक्त कुल्ल्यांखाली, मांड्यांखाली नाही. मांड्यांखाली आली तर काहीच फरक पडत नाही, आणि बहुतेकजण हीच चूक करतात. पाठ सोप्यातल्या (घराच्या पुढच्या खोलीतल्या) भिंतीला, कंबरेमागं गुंडाळलेला टॉवेल. सूप मांडीऐवजी ठेंगण्या पाटावर, म्हणजे मान कमी वाकते. आणि गणती घड्याळाची नको, विड्यांची ठेवा, कारण मजुरी हजारावर असते आणि हात थांबला की जीव तुटतो. ५० विड्या झाल्या की उठायचं, दहा श्वास होईपर्यंत उभं राहायचं, बसताना पाय बदलायचा. हजार विड्यांत अशा वीस उठण्या होतात, एकेक मिनिटाची, आणि वीस मिनिटांचं कामाचं नुकसान कंबरेच्या हिशेबात फार स्वस्त आहे.

कंबरेचे व्यायाम मोजकेच ठेवा. सकाळी आंथरुणातून उठून १० मिनिटं झाल्यावर सतरंजीवर हात-गुडघ्यांवर या आणि मांजरासारखी पाठ वर गोल करा, मग खाली सैल सोडा. सावकाश, १० वेळा. टोकापर्यंत ताणायचं नाही, मधल्या टप्प्यात तेल घातल्यासारखं हलायचं. मग त्याच स्थितीत उजवा हात आणि डावा पाय जमिनीला समांतर लांब करा, ८ सेकंद धरा, बाजू बदला; दोन्ही बाजूंना पाच-पाच. कंबर एका बाजूला कलंडत असेल तर आधी फक्त पाय उचला, हात नंतर. तिसरा पूल: उताणं झोपून गुडघे वाकवून कुल्ले उचलायचे, ३ सेकंद धरायचं, १० वेळा, तीन फेऱ्या. पिंढऱ्यांत किंवा मांडीमागं गोळा आला तर पाय कुल्ल्यांजवळ घ्या. हे तीन रोज.

एक दिवसाआड भाराचा व्यायाम, कारण पट्ट्याला खरं बदलवणारा हाच. पाठीला उभी काठी लावा, ती डोकं, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड या तिन्हींना टेकलेली राहिली पाहिजे. मग गुडघे किंचित सैल ठेवून कुल्ले मागं ढकलत पुढं झुका, काठी एकाही जागी सुटू न देता. सुटली तर कंबर वाकतेय. दोन आठवडे नुसती काठी, मग हातात ५ लिटरची बादली, म्हणजे ५ किलो, १० वेळा तीन फेऱ्या. चौथ्या आठवड्यानंतर बादली एकाच हातात घेऊन अंगणात ३० पावलं चाला, मग दुसऱ्या हातात. एका बाजूचा भार हा पट्टा तिरका ताणतो, आणि रोजच्या कामात तो तसाच ताणला जातो. आठवड्याला एक-दीड किलो वाढवत १० किलोपर्यंत जा, त्याहून जास्त घाई नको. भाराच्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सुट्टी असते ती आळसाची नव्हे: भार पडल्यावर कोलेजन तुटणं आणि बनणं दोन्ही वाढतं, पहिल्या दिवशी तुटणं पुढं असतं, बनणं त्यानंतर दीड-दोन दिवसांत वरचढ होतं. रोज जड काम केलं तर तुटण्यावरच तुटणं पडतं.

दुखलं तर काय? दुखणं रुपयात मोजायला सांगा, सोळा आणे म्हणजे अजिबात सहन न होणारं. व्यायाम करताना चार-पाच आणे दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळीइतकंच असेल तर भार बरोबर आहे. आठ आण्यांवर गेलं, किंवा सकाळचं वाढलं, तर भार अर्धा करा, पण थांबू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काहींचं दुखणं थोडं वर येतं आणि तिथंच लोक सोडून देतात.

आता टाच. सकाळची पहिली पावलं, टाचेच्या तळाशी आतल्या बाजूला पुढच्या टोकावर बोट ठेवल्यावर नेमकी कळ, आणि अंगठा वर ओढून तीच जागा दाबल्यावर ती वाढणं, हे जुळलं तर तळव्याचा पट्टा दुखतोय. ‘हाड वाढलंय’ हे विसरा. टाचेला असं टोक असलेली पण मुळीच न दुखणारी माणसं कितीतरी असतात, आणि टोक तसंच राहून दुखणं जातं. २००३ साली शस्त्रक्रियेतल्या ५० जणांच्या नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात सूज-दाहाच्या पेशी नव्हत्या, झिजलेले, विस्कटलेले धागे होते. म्हणूनच दाहावरच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊन हे बरं होत नाही, आणि पोटाची नासाडी होते ती वेगळी.

पहिला उपाय पाय खाली टेकवण्याआधीचा. आंथरुणातच पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, पायाची बोटं हातानं नडगीकडे ओढा, तळव्यात दोरीसारखी ताणलेली कड दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं चाचपा. ती ताणलेली जाणवली तरच ओढ बरोबर आहे. १० सेकंद धरा, १० वेळा. सकाळी, दुपारी बराच वेळ बसून उठण्याआधी, आणि रात्री.

दुसरा उपाय भाराचा. डेन्मार्कच्या राथलेफ आणि सहकाऱ्यांनी ४८ जणांवर याची चाचणी केली. तीन महिन्यांनी भाराचा गट ताणाच्या गटापेक्षा बराच पुढं होता, वर्षाअखेरीस दोन्ही जवळपास सारखे. म्हणजे भारानं लवकर बरं वाटतं. पद्धत अशी: टॉवेल घट्ट गुंडाळून पायरीच्या कडेवर ठेवा आणि बोटं त्यावर, जेणेकरून टाच वर जाताना बोटं वर वाकलेली राहतील आणि पट्टा चरख्यावरच्या दोरीसारखा आवळला जाईल. टाच पायरीच्या बाहेर. चौकट बोटांच्या टोकांनी धरा. ३ सेकंदांत वर, २ सेकंद धरा, ३ सेकंदांत खाली. एक दिवसाआड. पहिले दोन आठवडे १२ वेळा तीन फेऱ्या, मग भार वाढवून १० वेळा चार, चौथ्या आठवड्यानंतर ८ वेळा पाच. भार इतका की बारावी खेप कष्टानं जमावी आणि तेरावी जमू नये. आईला सुरुवातीला दोन्ही पायांवर करू द्या. ते सोपं झालं की दुखऱ्या एका पायावर. तेही सोपं झालं की नातवाच्या दप्तरात २ किलो तांदूळ भरून पाठीवर. पुढे २०१९ साली त्याच संशोधकांच्या चाचणीत ‘मोजून दिलेला’ आणि ‘झेपेल तेवढा जड’ या दोन पद्धतींत फरक निघाला नाही, तेव्हा आकडा चुकला म्हणून जिवाला लावून घेऊ नका. पण वेग चुकवू नका. भराभर उड्या मारल्यासारखं केलं तर पट्ट्याऐवजी टाचेमागच्या जाड कंडरेची उसळी काम करते. टॉवेल बोटांऐवजी तळव्याच्या कमानीखाली गेला तरी उपयोग संपला.

घरातल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून स्वयंपाक बंद. टाचेखाली मऊ, एक-दोन सेंटिमीटर उंचीची चप्पल घरातही हवी, आणि ती पलंगाजवळ ठेवायची, म्हणजे पहिलं पाऊलच तिच्यात पडेल. साखर असून तळवे बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवी किंवा तापवलेली वीट टाचेला लावू नका. भाजलेलं कळत नाही आणि जखम चिघळते.

स्टिरॉइडच्या सुईबद्दल विचारतील. तिनं महिनाभर आराम पडतो, पण पट्टा तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होण्याची जोखीम असते. १२ आठवडे नेटानं भार देऊनही टाच जराही हलली नसेल, तरच त्या वाटेचा विचार करा, आणि आधी सोनोग्राफी करून घ्या: पट्टा ४ मिलिमीटरहून जाड असेल तर निदानाला बळकटी येते, नसेल तर दुसरं कारण शोधायला हवं.

जास्त पाणी प्यायल्यानं फॅशिया ‘ओला’ होतो हे खरं नाही. तहान लागेल तेवढं प्या. कोलेजनच्या महागड्या पुड्यांचे पैसे अंडी, डाळ आणि चांगली चप्पल यांवर घाला.

फॅशियाचा एक प्रसंग असा आहे की जिथं तो खरोखर कापून सोडवावा लागतो, आणि तो ऊसतोडीच्या, ट्रॅक्टरच्या आपल्या भागात माहीत असायला हवा. नडगी मोडल्यावर किंवा पाय चेंगरल्यावर, विशेषतः वरून आवळून पट्टी किंवा प्लास्टर बांधलेलं असताना, पोटरी लाकडासारखी टणक होते, बोटं नुसती ताणली तरी असह्य कळ येते आणि गोळ्या-सुयांनी उतरत नाही. आत सूज वाढते आणि हा न ताणणारा पापुद्रा तिला जागा देत नाही, त्यामुळे रक्तपुरवठा थांबतो. तेव्हा बांधलेलं तत्काळ सैल करायचं, पाय हृदयाच्या पातळीत ठेवायचा आणि काही तासांच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पोचायचं, निपाणीहून कोल्हापूर जवळ पडतं. सकाळपर्यंत थांबलं तर पाय जाऊ शकतो.

आईसाठी एक वही करा आणि रोज तीनच नोंदी ठेवा: सकाळच्या पहिल्या पावलाचं दुखणं किती आणे, कंबर न दुखता किती विड्या झाल्या, आणि भाराच्या दिवशी किती किलो. ही वही घेऊन चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे जा. चौथ्या आठवड्यात दुखणं तेवढंच असेल पण विड्यांचा आकडा २०० वरून ३५० वर गेला असेल, तर उपचार लागू पडतोय. तो बदलू नका.